बुजणं हा घोड्याचा दोष नव्हे
(शताब्दी सोहळ्याच्या पूर्वतयारी बैठकीत केलेलं भाषण)





मी काही कीर्तनकार नाही. माझी सारी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. त्यामुळं बोलण्यात अभंगापेक्षा जनावरंच जास्त येतील, सांभाळून घ्या.

मागच्या बैठकीत ठरलं, की शंभराव्या वर्षाच्या सोहळ्यात आपल्या माळावर गोल रिंगण करायचं आणि त्यासाठी अश्व आणायचा. ऐकून बरं वाटलं. मग पोरांनी केलेली यादी हातात आली. ढोल-ताशाचं पथक, कागदाचे तुकडे उडवणाऱ्या तोफा, अश्व रिंगणात आला की फटाक्यांची माळ, आणि वरून चित्रीकरणाला ड्रोन. यादी वाचली आणि अध्यक्षांना म्हणालो, मला पंधरा मिनिटं द्या.

कुणी म्हणेल, पालखी सोहळ्यात लाखो माणसं असतात, टाळ-मृदंगाचा एवढा गजर असतो, तरी माउलींचे अश्व बुजत नाहीत. मग आपला का बुजेल? बरोबर शंका आहे. म्हणून आधी त्या अश्वांकडं बघू.

हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला शिस्त लावली तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व माउलींच्या सेवेला येतात. अंकली बेळगाव जिल्ह्यात. तिथून आळंदी सुमारे 300 किलोमीटर. ते अश्व गाडीत घालून आणत नाहीत, चालत येतात. म्हणजे आळंदीला पोचेपर्यंतच त्यांनी कितीतरी दिवस रस्ता, ट्रक, बाजार, गर्दी पाहिलेली असते. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, कारण त्याच्यावर माउली बसलेले असतात हा आपला भाव. आणि रिंगणाच्या वेळी एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल, पण तिचा विचार केला नसेल. अश्व सोडण्याआधी त्यांना रिंगणाची वाट फिरवून दाखवतात. आधी ओळख, मग धाव. आपल्या वाडवडिलांना जनावराचं मन कळत होतं.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात धरा. टाळाला न बुजणारा घोडा टाळाला सरावलेला असतो. फटाक्याला तो सरावलेला असेलच असं नाही. घोड्याचं धाडस ओळखीच्या आवाजापुरतं असतं. नवा आवाज आला की त्याच्या लेखी नवं संकट.

असं का, ते थोडं समजून घेऊ. घोडं हे गवत खाणारं जनावर. त्याला शिंगं नाहीत, वाघाची नखं नाहीत. देवानं त्याला पाय दिले आणि सांगितलं, शंका आली की आधी पळ, विचार नंतर कर. त्याचे कान बघा, दोन्ही वेगवेगळे फिरतात. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला 33,000 च्या आसपास. म्हणजे आपल्याला ऐकूच न येणारे बारीक आवाज त्याला येतात. पण आवाज नेमका कुठून आला हे मात्र त्याला आपल्याइतकं नीट कळत नाही. आपण डोळे मिटून टाळ कुठं वाजला ते बोटानं दाखवू. घोड्याला अंदाजानं दिशा कळते, जागा कळत नाही. म्हणून तो मान वर करून डोळ्यांनी शोधतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं दिसत नाही. मागून धडाका झाला, दिसलं काहीच नाही, की तो उधळतो. आपल्या वरंध्याच्या किंवा पाब्याच्या घाटात तर एका हॉर्नचे चार आवाज होऊन येतात. त्यानं कुणीकडं बघावं?

माझ्या नोकरीतली एक हकिगत सांगतो, गावाचं नाव सांगत नाही. लग्नाची वरात होती. घोडी अनुभवी, बँडपुढं कैक वर्षं नाचलेली. त्या दिवशी पोरांनी नवी कागदी तोफ आणली आणि घोडीच्या मागंच उडवली. घोडीनं उडी घेतली. नवरदेव खाली आला, सुदैवानं खरचटण्यावर निभावलं. पण मोतद्दारानं दोर हाताला गुंडाळला होता. त्याची दोन बोटं गेली. मला घोडीचा गुडघा शिवायला बोलावलं. लोक म्हणत होते, "घोडीच खोडकर आहे, हाणा तिला." आणि हाणलंही होतं. दुसऱ्या दिवशी मलमपट्टीला गेलो तर शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली आणि घोडी घामानं भिजली. एका धडाक्यानं, आणि त्यानंतरच्या मारानं, कैक वर्षांची सवय मोडली. त्या मोतद्दाराचं पोट त्या घोडीवर होतं.

मारलं की काय होतं? घोड्याला वाटतं, आवाज आला आणि लगेच दुखलं, म्हणजे माझी भीती खरीच होती. दुसरी चूक म्हणजे "एकदाच सवय होऊ दे" म्हणून खुंट्याला आखडून बांधायचं आणि शेजारी ढोल बडवायचे. थोड्या वेळानं घोडं गप्प होतं. लोकांना वाटतं शिकलं. ते शिकलेलं नसतं, हरलेलं असतं. ती भीती ऐन गर्दीत बाहेर पडते.

मग सराव कसा करायचा? सोपं आहे, फक्त सबुरी पाहिजे. आपल्या रिंगणाचा अश्व ज्यांचा असेल, त्यांना दीड महिना आधी विनंती करू. घोडं निवांत तोबरा खात असताना, शंभर पावलांवर एकच टाळजोडी हळू वाजवायची. घोडं खात राहिलं तर ठीक. कान टवकारून चघळणं थांबलं, की समजायचं हीच आजची हद्द. तिथून पुढं जायचं नाही, उलट दहा पावलं मागं यायचं. त्यानं पुन्हा तोंड तोबऱ्यात घातलं की थांबायचं. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी. रोज थोडं जवळ. मग दोन जोड्या, मग पखवाज, मग दहा टाळकरी. तबेल्यात जमलं म्हणजे माळावर जमेल असं नसतं, म्हणून शेवटचे आठ दिवस तोच सराव रिंगणाच्या जागेवर. डेन्मार्कच्या अभ्यासकांनी 2006 साली तरुण घोड्यांवर हेच पाहिलं. हलणाऱ्या नायलॉनच्या पिशवीला घोडे बुजत होते. ज्यांना ती पायरी-पायरीनं दाखवली, ते लवकर सरावले आणि कमी बुजले.

सोबतीला एखादं शांत, जाणतं घोडं असलं तर काम अर्धं होतं. पावसाळा सरला की मेंढ्यांचे वाडे आपल्या रस्त्यानं कोकणाकडं उतरतात, तेव्हा धनगरांची घोडी बघा. पाठीवर भांडी वाजतायत, कोंबड्या बांधल्यायत, शेजारून एसटी जातेय, आणि घोडं मान खाली घालून चाललंय. कारण शिंगरू असल्यापासून ते आईच्या बगलेनं त्याच आवाजात चाललं. आई बुजली नाही, ते बुजलं नाही.

आता आपल्या वाटेचं. वेल्ह्याकडची दिंडी मार्गासनी, आंबवणे, नसरापूर करत चेलाडी फाट्यावर येते, भोरकडची कापूरहोळला. दोन्हीकडं एकदम पुणे-सातारा महामार्ग. ज्या घोड्यानं जन्मात पत्र्यावरच्या पावसाहून मोठा आवाज ऐकला नाही, त्याच्या कानाशी ट्रकचा ब्रेक फुस्स करून सुटतो. पुढं नारायणपूरवरून सासवडला माउलींच्या मुक्कामी पोचेपर्यंत तो आवाज सुटत नाही. तेव्हा दिंडीबरोबर घोडं न्यायचं असेल, तर आधी महामार्गापासून लांब एखाद्या शेतात चरायला सोडा, तिथून तो आवाज त्याच्या कानी पडू द्या, मग जवळ न्या. शिवाय आषाढातला पाऊस. मेणकापड वाऱ्यानं फडफडलं, छत्री फट्‌कन उघडली, की घोडं दचकतं. डोक्यावरची पिशवीसुद्धा त्याला परकी असते.

छत्रीवरून आठवलं. 2009 साली स्वीडनच्या अभ्यासकांनी एक गंमत केली. घोडा धरून चालवणाऱ्या माणसांना सांगितलं, की या फेरीत तुमच्या घोड्यापुढं छत्री उघडणार आहोत. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या काळजाचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीचं काहीच माहीत नव्हतं त्या घोड्याचेही वाढले. म्हणजे धरणाऱ्याच्या मनातली धास्ती दोरातून घोड्यात उतरते. म्हणून घोडं कुणाच्या हाती द्यायचं हे मानपानानं ठरवू नका. ज्याच्याजवळ ते शांत उभं राहतं, त्याच्याच हाती द्या.

धरणाऱ्यानं खांद्याशी उभं राहावं, तोंडापुढं नाही, मागं तर नाहीच. दोर हाताला कधीही गुंडाळू नये, घडी करून मुठीत धरावा. मान ताठ, डोळ्याचं पांढरं दिसतंय, नाकपुड्या फुलल्यायत, परत परत लीद टाकतंय, कातडी थरथरतेय, ही उधळण्याआधीची लक्षणं. तेव्हा दोर ताणू नये. थोडी ढील द्यावी, हळू आवाजात बोलत लहान गोल फिरवावं, आवाजापासून लांब न्यावं. मान खाली आली, ओठ चाटले, सुस्कारा टाकला, की ते निवळलं. निवांत घोड्याचं काळीज मिनिटाला 30-40 वेळा पडतं, भेदरलं की शंभराच्या वर जातं. ते खाली यायला वेळ द्या. "झालं, चला पुढं" अशी घाई करू नका. आणि फार भित्रं जनावर असेल तर मनानं औषध-गोळी देऊ नका, डॉक्टरांना विचारा.

आता माझं मागणं. फटाके आणि कागदी तोफा रिंगणाच्या दिवशी नकोत. आदल्या दिवशीही नकोत, कारण अश्व आदल्या दिवशी मुक्कामाला असेल. ढोल-ताशा पथकानं मिरवणूक अश्व येण्याआधी संपवावी. ड्रोन रिंगण चालू असताना उडवू नये, चित्रीकरण मंदिराच्या गच्चीवरून करू. लहान लेकरं पुढच्या रांगेत बसवू नयेत. अश्व उधळलाच तर त्याला बाहेर पडायला एक बाजू मोकळी ठेवावी, तिथं गाडी लावू नये. आणि टापांखालची माती कपाळी लावायची ती अश्व पुढं गेल्यावर. धावत्या पायांत हात घालू नये. दर्शनाला खांद्याच्या बाजूनं, त्याला दिसेल असं यावं.

पोरांनो, तुमचा उत्साह मोडायचा नाही मला. पण त्या दिवशी अश्वावर माउली बसलेत असं आपण मानणार. मग ज्यावर माउली बसलेत त्याच्या कानाशी फटाका कसा लावायचा? त्याच्यासाठी ओळखीचा आवाज एकच ठेवू, टाळ-मृदंग आणि तुमच्या तोंडचं नाव. सरावाला रोज संध्याकाळी दहा टाळकरी लागतील. तुमच्यातल्या ज्यांना यायचं असेल त्यांनी बैठक संपल्यावर माझ्याकडं नाव द्या.

रामकृष्ण हरी.