मुकुटबनची मुलगी आणि समुद्रातली मुशी

(मुकुटबन येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समोर बसलेले बुजुर्ग, आया-बहिणी आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली मुलं-मुली,

मला करिअरवर बोलायला बोलावलंय. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, म्हणजे कॉम्प्युटरवर बोलेन असं तुम्हाला वाटलं असणार. पण आज मी शार्कवर बोलणार आहे. कोकणात तिला मुशी म्हणतात, मोरीही म्हणतात. हसू नका, कारण आहे.

आपल्या गावातली एक मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. नाव सांगत नाही. तिला पुढे सागरी जीवशास्त्र शिकायचंय, शार्कवर संशोधन करायचंय. तिच्या अब्बांनी मला फोन केला, "तुम्ही शिकलेले आहात, तिला जरा समजवा." मी ठरवलं, समजवायचं तर आहेच, पण अब्बांना. ते इथेच बसलेत आणि त्यांना विचारूनच मी हे बोलतोय.

त्यांच्या तीन हरकती आहेत. पहिली अशी, की इथे समुद्र कुठाय?

आपल्या भागातली जी चुनखडी सिमेंटसाठी खणून काढतात, ती शंभर कोटी वर्षांपूर्वीच्याही आधीच्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. तेव्हा मासेही नव्हते. आजही पैनगंगेचं पाणी वर्धेला, मग प्राणहितेला, मग गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. पण ते राहू द्या. संशोधनाचं बोलू.

भारतातल्या मुशीच्या शरीररचनेवर कित्येक पिढ्यांनी ज्या पुस्तकावरून अभ्यास केला, ते १९२८ साली लखनौहून निघालं. लिहिणाऱ्या होत्या इव्हँजेलिन थिल्लयमपलम, तिथल्या इझाबेला थोबर्न कॉलेजच्या प्राध्यापिका. लखनौला तरी कुठे समुद्र आहे?

दुसरं नाव डॉ. सय्यद जहूर कासिम. जन्म अलाहाबादचा, १९२६ सालचा. शिक्षण अलीगढला. मग ब्रिटनमध्ये वेल्सला जाऊन त्यांनी संशोधन केलं. कशावर? भरती-ओहोटीच्या डबक्यांत राहणाऱ्या वीतभर माशांवर. हे मासे काय खातात, किती वाढतात, अंडी कधी घालतात, एवढंच. त्यावरचे निबंध १९५७ साली छापून आले. भारतात परतल्यावर, हाताशी समुद्र नव्हता तेव्हा, त्यांनी उत्तरेच्या मैदानातल्या गोड्या पाण्यातले मासे घेतले. पोटातल्या अंड्यांचा आकार मोजून कोणता मासा वर्षातून किती वेळा आणि कधी वितो, हे एका सहकाऱ्याबरोबर शोधलं. तो निबंध १९६१ चा. हेच कासिमसाहेब पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक झाले. डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघालेल्या भारताच्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेचे नेतेही तेच. नंतर ते जामिया मिलियाचे कुलगुरू झाले.

आता आपल्या मुलीचं ऐका. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ती सहा महिने आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या मावश्यांजवळ बसली. रोहू, कटला, मरळ, जे येईल त्याची पट्टीने लांबी घेतली, वजन केलं, पोटात गाभोळी आहे का ते पाहिलं आणि तारीख घालून वहीत लिहिलं. सुरुवातीला मावश्या वैतागल्या. नंतर त्याच तिच्यासाठी मासे बाजूला काढून ठेवू लागल्या. मी ती वही पाहिली. जिथे मोजता आलं नाही तिथे तिने रेघ मारून कारण लिहिलंय. अंदाजाने आकडा भरलेला नाही. माझं पोट आकडेवारीच्या कामावर चालतं, म्हणून सांगतो, ही शिस्त पगार घेणाऱ्या सगळ्यांकडे नसते.

दुसरी हरकत, मुलीची जात, काम धोक्याचं. टीव्हीवर शार्क म्हणजे पिंजरा, दात आणि रक्त. खरं काम बहुतेक वेळा बंदरावर, पहाटे, बोटी लागल्यावर सुरू होतं. टेप, वही आणि कॅमेरा. मुशीची जात ओळखायची, लांबी मोजायची. नर असेल तर पोटाकडच्या परांजवळ दोन दांडे दिसतात, ते पाहायचे. पोटात पिल्लं आहेत का ते पाहायचं. अंदमानात जानेवारी २०१७ ते मे २०१८ असं काम झालं. बंदरावर उतरलेल्या ५,७४२ शार्क आणि पाकटांची नोंद झाली, ५७ जाती निघाल्या. २०२० साली छापलेल्या त्या निबंधावर पहिलं नाव आहे झोया तय्यबजी यांचं. बाजारातल्या वहीत आणि या निबंधात मला पद्धतीचा फरक दिसत नाही. फरक आहे तो प्रशिक्षणाचा, साधनांचा आणि संधीचा.

आणि या मोजमापाची गरज आहे. शार्कच्या बऱ्याच जाती उशिरा वयात येतात आणि थोडीच पिल्लं देतात. पकडणं जास्त झालं की त्यांची संख्या लवकर भरून येत नाही. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि पाकटांची संख्या जगभरात १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ चा अभ्यास सांगतो. भारताने २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद केली. पण मुशी जाळ्यात येतेच आणि त्यावर माणसांची घरं चालतात. रत्नागिरीकडे दालदी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आलेत. नियम करायचे तर कोणती जात कधी विते हे आधी माहीत हवं, नाहीतर मासाही जातो आणि रोजीही. बाजारातल्या मावश्यांचा विश्वास मिळवणारी मुलगी या कामाला हवीच आहे.

तिसरी हरकत पैशाची, आणि ती खरी आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना पीएच.डी.साठी मिळणारी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. त्याचा राग आपण मांडलाच पाहिजे. पण रस्ते उरलेत. बी.एस्सी.नंतर गोवा विद्यापीठ आहे, कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. बारावीच्या मुलांनी लक्षात ठेवा, नागपूर, उदगीर आणि रत्नागिरीला मत्स्यविज्ञानाची महाविद्यालयं आहेत. नागपूर तर आपल्याला जवळच. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे.

अडचण येते ती पहिल्या दोन वर्षांत. एम.एस्सी.ची फी, होस्टेल, प्रवास. घर तिथेच थकतं आणि मुलीला बी.एड.ला घातलं जातं. बी.एड. वाईट नाही. पण दुसरा रस्ता दाखवलाच नाही, तर तिने बी.एड. निवडलं असं कसं म्हणायचं?

आणि इथे आपलाही हिशेब मांडायला हवा. आपल्या तालुक्यातल्या एका शैक्षणिक निधीचा फॉर्म मी पाहिला. त्यावर इंजिनियरिंग, फार्मसी, नर्सिंग, डी.एड. एवढेच चौकोन आहेत. या मुलीला "इतर"वर खूण करावी लागली आणि "इतर"ला पैसे मिळत नाहीत, असं उत्तर आलं. सरकारने फेलोशिप बंद केली म्हणून आपण निवेदनं देतो. मग आपल्याच फॉर्मवर संशोधनाला जागा नसेल, तर त्या निवेदनाला वजन कसं येणार?

माझी मागणी छोटी आहे. त्या फॉर्मवर "विज्ञान : एम.एस्सी. आणि संशोधन" असा एक चौकोन वाढवा आणि दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचा दोन वर्षांचा खर्च उचला. पहिल्या वर्षाचा अर्धा खर्च मी देतो. अब्बांना एवढंच म्हणेन, तिला प्रवेश परीक्षा देऊ द्या. निकाल आल्यावर आपण तिघं बसून बोलू.

निधीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. हा ठराव मांडायला ज्यांची तयारी असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावं. मसुदा मी लिहून आणलाय.