आधी तपासणी, मग ठपका
(चालक व फिटर साथींच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आज आम्ही वेतन वा बोनसवर बोलणार नाही. आम्ही बोलणार आहोत ते चढावर दम सोडणाऱ्या जुन्या डिझेल गाडीबद्दल आणि तिच्यापायी चालकाच्या हातात पडणाऱ्या मेमोबद्दल.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका टपालगाडीच्या चालक साथीवर ही वेळ आली. गाडी अकरा वर्षांची. निघाली की पहिले वीस-पंचवीस किलोमीटर झकास, मग हळूहळू मलूल. बाजूला घेऊन दहा मिनिटे खटपट केली की पुन्हा चालू. थैल्या उशिरा पोचल्या, मेमो आला. कार्यशाळेने रिकाम्या गाडीच्या आवारात दोन फेऱ्या मारल्या आणि शेरा दिला, ‘दोष आढळला नाही’. म्हणजे दोष चालकाचा!

आम्ही एका फिटर साथीला घेऊन भरलेल्या गाडीतून त्याच रस्त्याने गेलो. गाडी मलूल होताच डिझेल टाकीचे झाकण उघडले. सूं करून हवा आत शिरली आणि थोड्याच वेळात गाडी पूर्वीसारखी ओढू लागली. मूळ झाकण हरवले होते. त्याजागी बसवलेल्या झाकणाला हवेचे छिद्रच नव्हते. डिझेल संपेल तशी टाकीत पोकळी होई आणि पंपाला डिझेल ओढता येईना. थांबल्यावर फटीफटीतून हवा शिरे, म्हणून गाडी पुन्हा चाले. झाकण बदलले, तपासणीची नोंद खुलाशाला जोडली आणि मेमो निकाली निघाला.

यातला धडा डिझेल शेडमधल्या साथींना नवा नाही. १९६२ साली आपल्याकडे आलेले डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन २६०० अश्वशक्तीचे. ‘लोड घेत नाही’ अशी तक्रार आली की शेडमध्ये ते लोडबॉक्सला जोडून आठव्या नॉचवर नेत आणि व्होल्ट व अँपिअर वाचत. किती ताकद कमी पडते ते आकडाच सांगे. रस्त्यावरच्या गाडीचा लोडबॉक्स म्हणजे ओळखीचा चढ, भरलेला माल आणि हातातले घड्याळ. ताकद कमी झाल्याची तक्रार भाराखालीच तपासली पाहिजे.

आता तपासणीचा क्रम. बिनखर्चाचे आधी, खर्चाचे शेवटी.

पहिला प्रश्न असा की, इंजिनाची ताकद गेली आहे, की कोणी गाडीला मागे ओढते आहे? गाडी थांबल्यावर चाकांच्या हबजवळ हात न्या, पण टेकवू नका. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर तिथला ब्रेक धरून राहिला आहे. टायरमधली हवा पाहा. चढावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे. मग इंजिन बंद ठेवून एकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबावा, दुसऱ्याने पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते पाहावे. कित्येकदा नुसती सैल केबल निघते.

दुसरी गोष्ट, धूर. भाराखाली काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर तुंबलेला, टर्बोचा रबरी पाइप फाटलेला किंवा एक्झॉस्ट ब्रेकची झडप अर्धी अडकलेली असू शकते. नोझल ठिबकत असेल तरी काळा धूर येतो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडते. टायमिंग, नोझल, कॉम्प्रेशन पाहा. थंडीत सकाळी थोडा पांढरा धूर येतो, त्याला घाबरू नका.

आणि धूर अजिबात नाही, तरी ताकद नाही? मग डिझेलच पोचत नाही. टाकीपासून पंपापर्यंतची वाट चालून या. झाकणाचे छिद्र, टाकीतली जाळी, चिरलेला पाइप, सैल बोल्ट, फीड पंप, फिल्टर. पावसाळ्यात फिल्टरखालचे पाणी नेमाने काढा. ओढीच्या बाजूला हवा धरली की डिझेलमध्ये बुडबुडे दिसतात.

एवढे झाल्यावरच टॅपेट, कॉम्प्रेशन आणि पंप. पंप आधी उघडणे म्हणजे खर्च आधी आणि विचार नंतर.

इथे एक इशारा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत एकेक नोझलचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहण्याची पद्धत आहे. कॉमन रेल गाडीत हे कधीही करू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो. डिझेलची बारीक धार कातडीत घुसते, जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट जाऊ शकते. असे झाले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. त्या गाडीला स्कॅनर लावून मागा. तो मागणे हा आपला हक्क आहे.

१ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द होते. पण दहा-बारा वर्षांची गाडी आपल्यालाच चालवायची आहे. म्हणून दोष दिसला त्याच दिवशी लॉगबुकात लिहा: किती किलोमीटरनंतर, कोणत्या चढावर, कोणत्या गिअरमध्ये, धूर कोणता. ‘गाडी ओढत नाही’ एवढेच लिहू नका. फिटर साथीनेही न तपासता ‘दोष नाही’ लिहू नये. त्या दोन शब्दांनी दुसऱ्या कामगाराची वेतनवाढ अडकते.

टपालात १९६५ चे आणि रेल्वेत १९६८ चे शिस्तविषयक नियम आहेत. त्यांप्रमाणे किरकोळ शिक्षेपूर्वीही आरोप लेखी कळवावा लागतो आणि खुलाशाची संधी द्यावी लागते. त्या खुलाशात आपल्या रागापेक्षा लॉगबुकातल्या चार ओळी जास्त कामाला येतात.

चालक आणि फिटर यांना एकमेकांसमोर उभे करणे सोपे असते. आपण एका गाडीत बसू, त्याच चढावर जाऊ आणि दोष शोधून काढू.