वृत्त आणि रंजन

वृत्तपत्रानें बातमी सांगावी, कीं वाचकाचें मन रिझवावें, हा प्रश्न दूरचित्रवाणीनें व खिशांतल्या फोननें निर्माण केला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो मराठी वृत्तपत्राइतकाच जुना आहे. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुंबईस ‘दर्पण’ सुरू केलें, तेव्हां वाचकांचें मनोरंजन, चालू काळच्या वर्तमानांची माहिती आणि लोकांनीं योग्यतेस चढावें यासाठीं मार्गदर्शन, असे तीन हेतु त्यांनीं एकत्रच जाहीर केले होते. मनोरंजनाचा विटाळ त्या विद्वान संपादकास वाटला नाहीं.

रंजन आणि ज्ञान यांचें मुळांत वैर नाहींच. कीर्तनकार पूर्वरंगांत निरूपण करतो व उत्तररंगांत आख्यान लावतो. श्रोते आख्यानाच्या ओढीनें बसतात, पण घरीं जातांना निरूपणही घेऊन जातात. आचार्य अत्रे यांनीं १५ नोव्हेंबर १९५६ रोजीं ‘मराठा’ दैनिक काढलें, तें संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरांत. त्यांच्या विनोदानें वाचक खदखदून हंसत. परंतु हंसून झाल्यावर त्यांच्यापुढें उभा राही तो मुंबईसह महाराष्ट्राचा प्रश्नच. विनोद हा तेथें भालदार होता. सिंहासन बातमीचें होतें.

भालदारच सिंहासनावर बसला म्हणजे काय होतें, हें २००६ सालीं महाराष्ट्रानें पाहिलें. मुंबईंतील ‘लॅक्मे फॅशन वीक’साठीं ५१२ अधिकृत पत्रकार जमले होते, अशी नोंद पत्रकार पी. साईनाथ यांनीं केली आहे. त्या सोहळ्यांत थाट होता सुती वस्त्रांचा. आणि त्याच वेळीं विदर्भांत कापूस पिकविणारे शेतकरी आत्महत्या करीत होते. तिकडे गेलेले राष्ट्रीय पत्रांचे बातमीदार मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कापडाची बातमी झाली. कापसाची झाली नाहीं.

हा दोष कोणा एका संपादकाच्या अभिरुचीचा नव्हे. वृत्तव्यवसायाचा खर्च बव्हंशीं जाहिरातींवर चालतो, आणि जाहिरात प्रेक्षकसंख्येमागें धांवते. ती संख्या मोजणारें यंत्र माणूस किती वेळ खिळून राहिला एवढेंच सांगतें. त्याला काय कळलें, हें सांगत नाहीं.

याचा भुर्दंड पडतो तो परभणी जिल्ह्यांतील पालमसारख्या गांवांस. गोदावरीच्या खोऱ्यांतील त्या भागांत कापूस, सोयाबीन, तूर हीं पिकें येतात. अतिवृष्टि झाली म्हणजे बुडालेल्या शिवारांचीं चित्रें दिवसभर दाखविलीं जातात व पाहणाऱ्याचें काळीज हेलावतें. पण पंचनामा केव्हां होणार, मदतीचा निकष काय, विम्याचा दावा कोठें नोंदवावयाचा, हें त्या शेतकऱ्यास कोणीं सांगावें? पाणी ओसरलें कीं चित्रही ओसरतें, आणि नेमकी तेव्हांच त्याला बातमीची निकड असते.

येथें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांच्या हातीं कांहीं आहे. जाहिरातदार ज्यांच्यासाठीं पैसे मोजतो, तीं हींच घरें. कंटाळवाणी म्हणून त्यांनीं जी बातमी उलटून टाकली, तिची जागा उद्यां दुसरेंच कांहीं घेतें. रंजनाला घरांतून हांकलून देण्याचें कारण नाहीं. प्रत्येक रंजक वृत्तानंतर ‘यांतून कळलें काय?’ एवढें विचारण्याची संवय त्यांनीं लावून घेतली, तर पालमच्या पंचनाम्यालाही एखादा रकाना मिळेल.