मोटरचा वेग



सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर तिथले पहिले प्राचार्य, आणि दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. आज कलाभवनात महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. शहरात ज्योतीसारखा मोटरी आणि पंप करणारा जुना कारखाना आहे, आणि विजेची उपकरणं तपासून देणारी ‘एर्डा’ ही संस्था १९७४ पासून आहे. मोटरींवर संशोधन करायला आणखी काय हवं?

पंपाचंच उदाहरण घ्या. आपल्या पंपाची इंडक्शन मोटर चार पोलांची असेल, तर ५० हर्ट्झवर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते. पाणी कमी हवं असलं तरी फेरे तेवढेच, म्हणून आपण व्हॉल्व्ह आवळतो. ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा आणि ब्रेक लावून गाडी हळू न्यायची, तसाच हा प्रकार. त्याऐवजी वेगच उतरवला तर? पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग वीस टक्क्यांनी उतरवला तर ती जवळजवळ निम्मी होते. पंपाचंही तसंच, मात्र पाणी फार उंच चढवायचं असेल तर फायदा कमी. जगातली निम्म्याच्या आसपास वीज मोटरींकडे जाते, हे ध्यानात घेतलं म्हणजे या बचतीचं मोल कळतं.

वेग उतरवायचा तर फ्रिक्वेन्सी बदलावी लागते, ते काम ड्राइव्हचं. ४१५ व्होल्टची तीन फेज वीज आधी डीसी होते, साधारण ५८० व्होल्टची. मग आयजीबीटी नावाचे सहा स्विच ती सेकंदाला हजारो वेळा तोडतात, जोडतात आणि हव्या त्या फ्रिक्वेन्सीची तीन फेज पुन्हा तयार करतात. आयजीबीटीच्या जडणघडणीत मद्रास आयआयटीत शिकलेल्या जयंत बालिगांचा वाटा फार मोठा आहे. रेल्वेच्या वडोदरा शेडची डब्ल्यूएपी-७ इंजिनं अशाच तीन फेज मोटरींवर धावतात आणि ब्रेक लावताना वीज तारेत परत पाठवतात.

पण या तोडजोडीची किंमत मोटर मोजते. शाफ्टवर व्होल्टेज चढतं आणि बेअरिंगच्या ग्रीसमधून बारीक ठिणग्या पडत राहतात. काही महिन्यांनी मोटर घुरघुरू लागते. बेअरिंग कापून पाहिलं, तर आतल्या गुळगुळीत धावेवर एकापाठोपाठ एक बारीक, सारख्या अंतराच्या रेघा उमटलेल्या दिसतात. ड्राइव्हपासून मोटरपर्यंतची केबल लांब असली तर वाइंडिंगच्या इन्सुलेशनवरही ताण वाढतो. इन्सुलेटेड बेअरिंग, शाफ्टला अर्थिंगचा ब्रश, मध्ये फिल्टर असे उपाय आहेत. कुठे कोणता पुरेल, हे मात्र चालवूनच कळतं.

आपल्याकडचे बरेच प्रबंध संगणकावरच्या सिम्युलेशनशीच थांबतात, याचं मला वाईट वाटतं. तिथली वीज स्वच्छ असते, केबल आदर्श असते, मोटर कधी तापत नाही. व्होल्टेज खालीवर होणारा फीडर, मे महिन्यातलं बंद पॅनल, दोनदा रिवाइंड केलेली मोटर हे सगळं प्रयोगशाळेच्या टेबलावर यायला हवं. आपल्या कारखान्यांकडे अशा जुन्या मोटरी आणि जळालेली बेअरिंग्ज पडून असतात. कोणत्या ड्राइव्हवर, किती लांब केबलवर, किती तास चालली, एवढी नोंद सोबत बांधून हे सामान भंगारात टाकण्याऐवजी कॉलेजला द्यावं, अशी माझी कारखानदारांना कळकळीची विनंती आहे.