बाळसे की आजार?

(वार्षिक सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यक हा माझा प्रांत नव्हे. तथापि एका दुर्मीळ बालरोगाविषयी डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते हिशेबनिसाच्या दृष्टीने आपणांपुढे ठेवतो.

प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर एक लहान ग्रंथी असते. आपल्या वाईत संपादित झालेल्या मराठी विश्वकोशात तिला ‘अधिवृक्क ग्रंथी’ म्हटले आहे. क्वचित तिच्यात गाठ होते आणि ती गाठच संप्रेरके स्रवू लागते. असे बरेचसे रुग्ण पाच वर्षांखालील असतात. त्यांत मुली अधिक.

तीन वर्षांच्या मुलीच्या जांघेत केस येतात, मुरुमे उठतात, आवाज घोगरा होतो, उंची झपाट्याने वाढते. किंवा चेहरा वाटोळा होतो, वजन वाढते, पण उंची खुंटते, रक्तदाबही चढतो. पहिली लक्षणे घरचे संकोचाने झाकतात, दुसऱ्यांचे ‘बाळसे’ म्हणून कौतुक करतात. दोन्हींत मोलाचे महिने निघून जातात. गाठ लहान असताना, न फुटता पूर्ण निघाली, तर बरे होण्याची आशा सर्वाधिक असते.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न साधा असतो : मुलाला कोणते मलम किंवा औषध चालू आहे? दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडनेही चेहरा असाच सुजतो. त्यानंतर रक्तातील संप्रेरकांची तपासणी होते. या ग्रंथीचा जन्मजात विकारही अशीच लक्षणे दाखवतो; तो वेगळा ओळखावा लागतो. मग सोनोग्राफी व सीटी स्कॅन. गाठीत सुई घालून तुकडा काढणे सहसा टाळतात, कारण रोग पसरण्याचा धोका असतो. पुढील उपचार मुंबई-पुण्याच्या तज्ज्ञ केंद्रातच व्हावेत.

मात्र संशयाची पहिली नोंद गावातच होऊ शकते. जमाखर्चात एका दिवसाची रक्कम फारसे सांगत नाही. मागील पानाशी ताळा घातला की चूक दिसते. मुलाच्या उंची-वजनाचेही तसेच आहे. मोठ्यांचा पट्टा चिमुकल्या दंडावर बांधला, तर चढलेला रक्तदाबही कमी दिसतो.

म्हणून देणगीदारांना विनंती, की मोठ्या यंत्रांबरोबरच बालकांच्या मापाचे पट्टे आणि उंची मोजण्याच्या फळ्या यांसाठीही हात सैल सोडावा. आणि पालकांनी वाढीचे कार्ड जपून ठेवावे. शंका आल्यास लाज बाळगू नये. विचारलेला प्रश्न फुकट गेला, तर त्याहून आनंदाची गोष्ट नाही.