वाचनालयांतील संगणकाविषयीं



१९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तेव्हां वाचनालय म्हणजे ग्रंथ व वर्तमानपत्रें. आतां आमच्या पूर्णा जंक्शनांतील मुलास रेल्वेभरतीचा अर्जसुद्धां इंटरनेटवरच भरावा लागतो. ज्याचे घरीं संगणक नाहीं, त्यानें कोठें जावें? केरळच्या उच्च न्यायालयानें २०१९ सालीं इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या हक्कांत धरला, तो उगाच नव्हे.

वाचनालयांत वेळेची मर्यादा असावी, कारण मागें दुसरा तिष्ठत असतो. अश्लील चित्रांस मज्जावही असावा. परंतु वाचणाऱ्याचे खांद्यावरून कोणीं डोकावूं नये, आम्हां पाद्र्यांनीं तर मुळींच नाहीं! उठतांना तो आपल्या खात्यांतून बाहेर पडला कीं नाहीं, एवढें मात्र ग्रंथपालानें अवश्य विचारावें. नाहीं तर त्याचा अर्ज पुढच्याचे हातीं उघडाच राहतो.