खोल समुद्राचा कायदा आणि आपले सनदी अधिकारी



आंतरराष्ट्रीय कायदे मंत्री करतात, असा आपला समज असतो. मंत्री शेवटी येतात आणि सही करतात. त्याआधी वर्षानुवर्षे एकेका कलमावर झुंजतात ते सनदी अधिकारी. त्यांच्या अंगी कोणते कसब असावे लागते, ते मी आज एकाच उदाहरणातून सांगणार आहे, कारण त्या उदाहरणात आपला देश आहे.

समुद्राच्या कायद्याविषयीची संयुक्त राष्ट्रांची तिसरी परिषद डिसेंबर १९७३ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झाली आणि १९८२ पर्यंत चालली. दीडशेहून अधिक देश तिच्यात होते. सर्वसंमतीचे सगळे प्रयत्न संपल्याखेरीज मतदान घ्यायचे नाही, असे ठरलेले होते. म्हणजे बहुमत जमवून समोरच्याला हरवण्याची सोय नव्हती, त्याला पटवणेच भाग होते. घोडे सर्वांत जास्त अडले ते खोल समुद्रतळाच्या खनिजांपाशी. मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असलेले बटाट्याएवढे गोटे तिथे पसरलेले आहेत. ही संपत्ती साऱ्या मानवजातीची, हे तत्त्व मान्य झाले होते. पण ती काढणाऱ्याने पैसे किती द्यायचे? भारताच्या प्रतिनिधीने प्रत्येक खाणक्षेत्रामागे सुरुवातीलाच सहा कोटी डॉलर मागितले. अमेरिका म्हणाली, आगाऊ रक्कम मुळीच नको.

या आर्थिक वाटाघाटींचे अध्यक्ष होते सिंगापूरचे टॉमी कोह. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अभ्यासकांनी अशा खाणीच्या जमाखर्चाचे गणित संगणकावर मांडले होते. आपल्या मागणीचा परिणाम काय होईल, असे भारतीय प्रतिनिधीने त्यांना विचारले. उत्पन्नाचा पहिला डॉलर हाती येण्याच्या पाच वर्षे आधी एवढी रक्कम भरायची झाली, तर कंपनीला खाण चालवणे जवळजवळ अशक्य होईल, हे त्यांनी दाखवले. त्यावर आपण भूमिकेचा फेरविचार करू, असे त्याने जाहीर केले. थोडीफार आगाऊ रक्कम कंपन्यांना झेपते, हे त्याच गणितातून अमेरिकी प्रतिनिधींना उमगले, आणि तेही आपल्या जागेवरून हलले.

हिशेब पाहून भूमिका बदलण्याचे हे कसब मला सर्वांत मोलाचे वाटते. दबावापुढे माघार घेतलेल्या अधिकाऱ्याला मायदेशी जाब द्यावा लागतो, पण हिशेबापुढे घेतलेल्या माघारीने कोणाचीच मान खाली जात नाही. मात्र तो हिशेब त्याला स्वतःला समजला पाहिजे, आणि 'फेरविचार करतो' म्हणण्याची मोकळीक त्याला वरिष्ठांनी दिलेली असली पाहिजे. नुसती 'विरोध करा' एवढी सूचना घेऊन गेलेल्या माणसाला हे जमणार नाही.

सभागृहाबाहेरचे काम तितकेच मोठे. नॉर्वेचे येन्स एवेन्सन निवडक प्रतिनिधींच्या अनौपचारिक बैठका घेत, आणि २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्राची कलमे तिथेच बरीचशी घडली. अशा बैठकीचे बोलावणे ज्याच्यावर विश्वास बसलेला आहे त्यालाच येते, आणि विश्वास बसायला वर्षे लागतात. फिजीसारख्या चिमुकल्या देशाचे सत्य नंदन या परिषदेत मसुदे घडवत होते, आणि पुढे १९९६ ते २००८ आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे महासचिव तेच होते. देश लहान, पण माणूस विषयाला चिकटून राहिला.

आपलेही एक मोठे यश आहे. १९८२ च्या कराराला जोडलेल्या ठरावात समुद्रतळाचे अग्रणी गुंतवणूकदार, म्हणजे शोधकामात आधीच पैसा घातलेले, म्हणून फ्रान्स, जपान आणि सोव्हिएत संघ यांच्या जोडीला भारताचे नाव आहे. नुसत्या भाषणांनी ते आले नसते. गोव्यात दोनापावल्याला असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून हे गोटे वर काढले होते. १९८७ मध्ये भारत नोंदणी झालेला जगातला पहिला अग्रणी गुंतवणूकदार ठरला आणि हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्याला मिळाले.

आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणात, जमैकातल्या किंग्स्टनला, गेली काही वर्षे उत्खननाच्या नियमांवर वाटाघाटी चालल्या आहेत. तिथे जाणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांची मसुदा पुरा होईपर्यंत बदली करू नका, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर दोनापावल्याचा शास्त्रज्ञ बसवा, अशी माझी सरकारला कळकळीची विनंती आहे.